पारव्यांची वहिवाट

वडिलोपार्जित मालमत्तेचे वाटणीपत्र हा आमच्या वऱ्हाडातील एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानला पाहिजे. त्यात चतुःसीमा असतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असतात, बांधावरच्या बाभळीची सावली कोणाच्या शेतात पडते ह्याचा निवाडा असतो, आणि देवघरातील समई कोणाची व तिची साखळी कोणाची हेसुद्धा पंचांसमक्ष नमूद केलेले असते. परंतु ज्या वाड्यापायी दोन पिढ्यांनी एकमेकांच्या घरचे पाणी वर्ज्य केले, त्या वाड्यात प्रत्यक्ष राहते कोण, ह्याविषयी त्या दस्तऐवजात चकार शब्द आढळत नाही. कौंडण्यपूरच्या आमच्या वाड्यात पारवे राहतात. घर कागदोपत्री सर्व चुलतभावांचे, घरपट्टीची पावती माझ्या नावाची आणि कब्जा पारव्यांचा, अशी त्याची आजची कायदेशीर स्थिती असून ही वहिवाट इतकी जुनी, उघड, अखंड आणि बिनहरकत आहे की, उद्या त्या पक्ष्यांनी दिवाणी दावा गुदरला तर हुकूमनामा त्यांच्याच बाजूने होईल, असे मत माझ्या एका वकील स्नेह्यांनी फी न घेता दिले; आणि वकिलाने फी न घेता दिलेले मत सहसा खरे असते.

पक्ष्यांचा ह्या गावातला वशिला आजकालचा नव्हे. तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजेच प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर, असे परंपरा सांगते. आणि ह्याच राजधानीच्या उद्यानात निषध देशाहून उडत आलेल्या एका हंसाने भीमराजाच्या कन्येपुढे, दमयंतीपुढे, नलाचे असे काही वर्णन केले की तिचे अन्नपाण्यावरचे लक्ष उडाले. त्या एका मध्यस्थीच्या पुण्याईवर येथील समस्त पक्षिकुळ आजतागायत राजाश्रय उपभोगीत आले आहे. वास्तविक त्या सोयरिकीत पुढे नवऱ्याने बायकोला निबिड अरण्यात निजलेली सोडून काढता पाय घेतला, हे ध्यानात घेता मध्यस्थाची रीतसर चौकशी व्हावयास हवी होती. परंतु हंसाला जबाबासाठी बोलावल्याचा उल्लेख कोठेही नाही. पुढे ह्याच गावच्या रुक्मिणीवर तसाच प्रसंग आला तेव्हा तिने पाखरांच्या भानगडीत न पडता स्वदस्तुरचे पत्र लिहिले आणि ते एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस रवाना केले. तिचा संसार सुरळीत झाला. विदर्भाच्या कन्येने घेतलेला हा बोध विदर्भाच्या पुत्रांना मात्र घेता आला नाही. त्यांनी आपली माडी पारव्यांना मोकळी करून दिली.

गावातील प्राचीन टेकाडावर 1960 च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित ह्यांनी उत्खनन करून जुन्या वस्तीचे थर उजेडात आणले. निव्वळ शास्त्रीय दृष्टीने पाहता आमच्या माडीची योग्यता त्या टेकाडाहून फारशी कमी ठरू नये. तळाशी आजोबांच्या काळचा, फरशीशी एकजीव झालेला थर आहे. त्यावर वाटणीच्या दाव्यात माडीला टाळे लागले होते तेव्हाचा, कालखंडाच्या मानाने अत्यंत समृद्ध असा थर आहे. आणि सर्वांत वर चालू सालचा, पांढरट, कोरडा आणि पायाखाली कुरकुरणारा. आढ्याच्या बेचक्यात घरटी आहेत. पऱ्हाटीच्या चार काड्या, खराट्याच्या दोन हिरी आणि कोणाच्या तरी बांधकामावरून उचललेला तारेचा तुकडा, एवढ्या सामानात पारवीण आपले घर पुरे करते, त्यात दोन पांढरी अंडी ठेवते आणि ती खाली का पडत नाहीत ह्याची चिंता बघणाऱ्यावर सोपवून निश्चिंत बसते. पिले मोठी होताना चहूकडे जी शीट टाकतात ती वाळून त्या काड्यांना असा पक्का गिलावा करते की पुढच्या खेपेला नवे बांधकाम करण्याची गरजच उरत नाही. आमच्या वाड्यात गेल्या अर्धशतकात झालेली दुरुस्ती एवढीच.

वर्षाचे बहुतेक दिवस वाड्याला कुलूप असते. कार्तिकातली यात्रा जवळ आली की अमरावती, अकोला, मूर्तिजापूर आणि अलीकडे पुणे अशा नाना दिशांनी भाऊबंद उतरू लागतात, कुलपाच्या किल्लीवरून थोडा वाद होतो, मग दुसऱ्याच किल्लीने कुलूप उघडते, आणि माडी झाडण्याचा वार्षिक सोहळा सुरू होतो. ह्या सोहळ्याचे आधिपत्य आमचे थोरले बंधू करतात. महसूल खात्यात मंडळ अधिकारी म्हणून आयुष्य घालवल्यामुळे खुर्चीत बसून दुसऱ्याकडून काम करून घेण्याची विद्या त्यांना पूर्ण अवगत आहे. झाडायला गावातली एक वयस्क बाई येते. तिने खराटा हाती घेण्यापूर्वी दरवर्षी एकच प्रश्न विचारावा आणि बंधूंनी दरवर्षी एकच उत्तर द्यावे, असा प्रघात पडून गेला आहे.

“अजी मोठे भाऊ, अगुदर पानी शिपडतो, मंग झाडतो. लय फुफाटा हाय वरतं.”

“पाणी मारलं की रेंदा होतो, रेंदा झाला की दुपार होते, आणि दुपारी पाहुणे येतात,” बंधू फैसला देतात. “कोरडंच झाडून घे.”

त्यानंतर जे घडते त्याला झाडणे म्हणणे हा भाषेचा अपव्यय होय. खराट्याच्या पहिल्याच फटक्याला तीन पिढ्यांचा संचय आसनावरून उठतो, झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत क्षणभर शोभून दिसतो, जिन्यावाटे माजघरात उतरतो, तेथून ओसरीवर येतो, आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या चहाच्या कपांवर एक पातळ, राखाडी साय धरून स्थिर होतो. पारवे तेवढा वेळ समोरच्या वळचणीवर बसून घुमत राहतात. कोणी खाकरते, कोणी शिंकते, कोणी “झालं बाप्पा एकदाचं स्वच्छ” असे म्हणून त्या चहाचा घोट घेते. संध्याकाळपर्यंत धूळ पुन्हा जागच्या जागी जाऊन बसते आणि पारवेही.

हा कुलाचार असाच पिढ्यान्‌पिढ्या चालला असता. परंतु एका कार्तिकात माझा भाचा यात्रेला आला. तो नागपुरास छातीच्या विकारांचे उच्च शिक्षण घेतो. अशा नातेवाइकाला घरच्या समारंभाला बोलावू नये हे शहाण्यास कळते, पण त्याची आई आमची बहीण पडली. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकला, खिशातून रुमाल काढून त्याने नाकावर दाबला, आणि वर उभ्या असलेल्या मला म्हणाला,

“मामा, खाली या. त्या धुळीत क्रिप्टोकॉकस असू शकतो.”

“कोण?” खुर्चीतून थोरले बंधू गरजले. “त्याला माडीत कोणी घेतला? भाडेचिठ्ठी कोणी करून दिली?”

तो भाडेकरू नसून बुरशीची एक जात आहे, हे बंधूंना पटवण्यात बराच वेळ गेला. भाच्याने ओसरीवर बसून जे निरूपण केले त्याचा गोषवारा असा. पारव्यांच्या वाळलेल्या, जुन्या शिटेत ही बुरशी सुखाने नांदते. एमन्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1955 साली कबुतरांच्या घरट्यांतून आणि शिटेतून ती वेगळी काढून दाखवली. शीट जागची हलली नाही तोवर बुरशीही जागची हलत नाही. पण खराटा चालला, भुगा हवेत मिसळला, आणि तो श्वासावाटे आत गेला, की बुरशीला फुप्फुसात प्रवेश मिळतो. धडधाकट माणसाचे शरीर बहुधा तिला परस्पर बेदखल करते. ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, ज्याला एचआयव्हीची बाधा आहे, ज्याच्यात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे किंवा ज्याला दीर्घकाळ स्टिरॉइड घ्यावे लागते, त्याच्या बाबतीत मात्र ती फुप्फुसावर समाधान न मानता मेंदूच्या आवरणापर्यंत मजल मारते, आणि मग प्रकरण प्राणावर बेतते.

“मग हे पारवे कसे मरत नाहीत?” आमच्या काकूंनी रास्त शंका काढली.

“त्यांच्या अंगातच ताप असतो. त्यांचं रोजचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस. इतक्या उष्णतेत ह्या बुरशीचं सहसा जमत नाही.”

म्हणजे आपण ज्या तापाने अंथरुण धरून मृत्युपत्राचा विचार करू लागतो, त्या तापात हा प्राणी दाणे टिपतो, प्रियाराधन करतो, आणि रोगाचे बी दुसऱ्याच्या घरी ठेवून स्वतः नामानिराळा राहतो. हे ऐकून बंधूंच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो मत्सराचा होता की आदराचा, हे मला सांगता येणार नाही.

भाच्याने एवढ्यावर थांबायचे होते. परंतु विद्या नवी असताना माणूस थांबत नाही. त्याने हिस्टोप्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या बुरशीची कथा लावली. सॅम्युएल डार्लिंग नावाच्या डॉक्टरांना ती पनामा कालव्याच्या बांधकामावर दगावलेल्या मजुरांच्या शवविच्छेदनात सापडली आणि 1906 साली त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पाखरांच्या थव्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने पोसलेल्या मातीत ती वाढते. आपल्या देशात तिचे रुग्ण गंगेच्या खोऱ्यात अधिक आढळतात, आणि अमेरिकेत ओहायो व मिसिसिपी ह्या नद्यांची खोरी तर तिचे माहेरच. माहेर हा शब्द कौंडण्यपुरात उच्चारावा आणि तो बुरशीला लावावा, ह्याने काकू जरा दुखावल्या. बळदाच्या अंधारात वटवाघळे लोंबतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ते सांगावयाचे नाही असे आम्ही डोळ्यांनीच ठरवले.

ह्यानंतरच्या घटकाभरात आमच्या कुटुंबाच्या प्रकृतीत झालेला पालट वैद्यकाच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. सकाळी जे इसम दोन ताटल्या पोहे निर्वेधपणे संपवून बसले होते, त्यांच्या छातीत एकाएकी जड वाटू लागले. मूर्तिजापूरच्या चुलतभावाला सात वर्षांपूर्वीचा खोकला आठवला. पुण्याच्या वहिनींना विमानात दम लागला होता, तो विमानामुळे नव्हे तर त्याआधीच्या कार्तिकात वाड्यात राहिल्यामुळे, असा उलगडा झाला. चाळीस वर्षे अखंड विडी ओढणाऱ्या आमच्या एका काकांनी तर, “माह्या फुप्फुसाचा सत्यानाश ह्याच पारव्यांनी केला,” असे डोळ्यांत पाणी आणून सांगितले आणि दुःखाचा आवेग आवरण्यासाठी विडी पेटवली. भाच्याने प्रत्येकाच्या पाठीला नळी लावून सर्वांना निरोगी ठरवले. ह्या निर्णयाने मंडळींचे समाधान न होता उलट त्याच्या शिक्षणाविषयीच शंका व्यक्त होऊ लागल्या.

“तर मग स्वच्छताच करू नये, असं तुझं शास्त्र म्हणतं का?” बंधूंनी उलटतपासणी घेतली.

ह्यावर भाच्याने ओहायो प्रांतातील डेलावेअर गावची हकीकत सांगितली. 22 एप्रिल 1970 रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. तेथील एका शाळेच्या मुलांनी, निसर्गसेवेच्या उदात्त प्रेरणेने, शाळेच्या मधल्या चौकातील पालापाचोळा दंताळ्यांनी ओढून चौक लख्ख झाडला. त्या चौकात पुष्कळ वर्षे पाखरांचे थवे मुक्काम करीत असत. चौकातली हवा वर्गांत खेळवणारी यंत्रे आपले कर्तव्य बजावीत होतीच. त्यांनी ती धूळ प्रत्येक वर्गात समान वाटपाने पोहोचवली. थोड्याच दिवसांत शेकडो विद्यार्थी आणि शिक्षक ताप, खोकला आणि छातीतील कळ घेऊन अंथरुणाला खिळले. ज्यांनी झाडू हाती धरला नव्हता त्यांनाही वर्गात बसल्या जागी आजार मिळाला.

आता अमरावती जिल्ह्यात झाडूविरुद्ध ब्र काढणे ही साधी गोष्ट नव्हे. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन गावेच्या गावे झाडीत फिरलेले गाडगेबाबा ह्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी तर आमच्याच तालुक्यात, आणि ग्रामगीतेत ग्रामारोग्याला स्वतंत्र अध्याय दिलेला. अशा भूमीत उभे राहून एका पोरसवदा डॉक्टराने स्वच्छतेने माणसे आजारी पडल्याचे सांगावे, हे मंडळींना मुळीच रुचले नाही. खराट्याला कोणी दोष देत नाही, दोष कोरड्या खराट्याला आहे, असे तो परोपरीने सांगत होता. परंतु माणसाच्या कानाला विशेषणे ऐकू येत नसावीत. अखेर बहुमताने ठरले ते असे की, दोष ना खराट्याचा ना आपला. दोष पारव्यांचा, सबब त्यांनाच निष्कासित करावे.

निष्कासनाची मोहीम माझ्यावर सोपवण्यात आली, कारण घरपट्टीची पावती माझ्या नावाची. पहिल्या प्रथम मी अकोल्याच्या बाजारातून प्लॅस्टिकचे घुबड आणून आढ्याला टांगले. घुबडाचे डोळे पिवळे, मुद्रा उग्र आणि मान वाऱ्याने फिरणारी होती; त्याला पाहून शेजारची म्हातारी दोन दिवस आमच्या दारावरून गेली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर एक पारवा झोपलेला आढळला. मग जुन्या तबकड्या दोऱ्याला बांधून टांगल्या. उन्हात त्या चमकल्या म्हणजे पक्षी दिपतात म्हणे. पारवे त्यांत आपली छबी न्याहाळून मान फुगवू लागले आणि प्रियाराधनाचे प्रमाण वाढले. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, त्यांच्या वासाने आम्ही खाली ओसरीवर झोपायला आलो आणि माडी त्यांना संपूर्ण मोकळी मिळाली. थाळ्या बडवल्या, तेव्हा समोरच्या वाड्यातून कोणी वारले काय म्हणून माणसे विचारायला आली.

इतक्यात गावातल्या एका शेतकऱ्याने, “कायले फेकता जी? मिरचीच्या वाफ्याले हे सोनं हाय,” असे म्हणून खताचा प्रस्ताव आणला. ही मागणी अडाणीपणाची नव्हे. इराणात इस्फहानच्या परिसरात शेतकऱ्यांनी सफवी काळापासून मातीचे मोठमोठे बुरूज बांधून त्यांत हजारो कबुतरे राहविली, ती केवळ टरबुजांच्या मळ्यांना त्यांचे खत मिळावे म्हणून. आमच्या शेतकऱ्याने भाच्याची पाठ फिरताच माडी कोरडीच खरडून पोती भरली, ती जिन्यावरून उतरवण्याचे श्रम वाचावेत म्हणून सज्ज्यातून खाली अंगणात सोडली, आणि पहिलेच पोते, अगदी जुने असल्याकारणाने, जेथे भाचा हात धुऊन पाहुण्यांबरोबर पंगतीला बसत होता तेथे फुटले. त्या दिवशी ओहायोची हकीकत पुन्हा सांगण्याची गरज उरली नाही.

सरतेशेवटी मी सरकारदरबारी दाद मागण्याचे ठरवले आणि एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

“पारवे कोणाच्या मालकीचे?”

“कोणाच्याच नाहीत.”

“मग सामनेवाला कोण लिहू? पाळीव असते तर पशुसंवर्धनाकडे पाठवला असता. रानटी म्हणावेत तर तुमच्या घरात राहतात. रोगराईचा विषय म्हणता, तर कोणी आजारी आहे का?”

“अद्याप कोणी नाही.”

“मग आजारी पडल्यावर या. सोबत दाखला आणा.”

वाड्यावर परतलो तर आत्याबाई गच्चीवर मूठमूठ ज्वारी फेकीत होत्या. पितरांच्या नावाने रोज सकाळी पाखरांना दाणा घालण्याचा त्यांचा नेम आहे, आणि त्या स्वतः राहतात दोन घरे पलीकडे. आपल्या गच्चीवर शीट पडते म्हणून दाणा आमच्या गच्चीवर घालायचा, ही त्यांची तजवीज. पुण्य त्यांच्या खाती, पारवे आमच्या.

“आत्याबाई, ह्यानेच ते वाढतात ना.”

“वाढू दे ना बाप्पा. मुक्या जिवाचा घास तोडून कोनाचं भलं झालं?”

ह्या प्रश्नाला आजवर कोणालाच उत्तर सापडलेले नाही, आणि मुंबईची गोष्ट त्याला साक्ष आहे. त्या महानगरात 51 कबुतरखाने होते. जुलै 2025 मध्ये शासनाने ते बंद करण्याचे फर्मावले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, महानगरपालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि 6 ऑगस्ट रोजी जमावाने येऊन ती ताडपत्री ओढून काढली. एका बाजूला श्वासाचे रोगी, दुसऱ्या बाजूला दाण्याचे पुण्य, मध्ये पोलीस, आणि ह्या सर्वांच्या डोक्यावरून घिरट्या घालणारी कबुतरे. अखेर विषय तज्ज्ञांच्या समितीकडे जावा असे न्यायालयाने सुचवले. समितीकडे विषय गेला की निदान काही काळ तरी धुरळा खाली बसतो, एवढा तिचा उपयोग कोणीही मान्य करील. गंमत अशी की, त्या भांडणात दोन्ही पक्षांचे खरे होते. पाखराला दाणा घालणे ही दयाच आहे. ती हजारो पाखरांना एकाच चौकात, लोकांच्या खिडक्यांखाली घातली म्हणजे तिचे रूपांतर कशात होते, हे खिडकीच्या आत राहणाऱ्याला विचारावे.

शिवाय भाच्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, तिने माझ्या झोपेचा निकाल लावला. बुरशीचा संसर्ग क्वचित कोणाला होतो. परंतु पारव्यांची पिसे, पिसांवरची भुकटी आणि शिटेतली प्रथिने रोज श्वासात जात राहिली तर काही माणसांच्या फुप्फुसांना त्यांचे वावडे निर्माण होते. हा संसर्ग नव्हे, हा शरीराचा रुसवा. पण तो वर्षानुवर्षे टिकला तर फुप्फुसे ताठर होतात आणि जिना चढताना माणूस मध्येच बसतो. कबुतरे पाळणाऱ्यांच्या ह्या व्याधीचे वर्णन अमेरिकेत 1965 सालीच झाले आहे. आपल्या देशातील 27 केंद्रांनी फुप्फुसे अशी सुजवणाऱ्या आणि ताठरवणाऱ्या विकारांचे 1,084 नवे रुग्ण नोंदवून 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा 47.3 टक्के रुग्णांचे दुखणे ह्याच वावड्याच्या जातीचे निघाले.

“आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत संशयित कोण होता, ठाऊक आहे?” भाच्याने विचारले.

“पारवे!” सर्वांनी एकमुखाने उत्तर दिले.

“कूलर.”

ओसरीवर शांतता पसरली. ज्या प्रांतात वैशाखात पारा 45 अंशांची हद्द ओलांडतो, तेथे कूलरवर आरोप ठेवणे म्हणजे कुलदैवतावर ठेवणे होय. हुंडा न घेणारे जावई आमच्याकडे झाले, पण कूलर नाकारणारा अद्याप झाला नाही. परंतु विचार करता माझ्या अंगावर काटा आला. माझ्या अकोल्याच्या घरातील कूलर फाल्गुनापर्यंत खिडकीबाहेर उपेक्षित उभा असतो. ताट्यांतील वाळा मागच्या मोसमातल्या पाण्याने काळा पडून बुरसलेला असतो. आणि आतल्या पंख्याच्या मागे, पऱ्हाटीच्या चार काड्यांवर, एक पारवीण संसार थाटून बसलेली असते. चैत्रातल्या पहिल्या तापल्या दुपारी मी बटण दाबतो. पंखा घरघरतो, पिसे, काड्या, वाळ्याचा चुरा आणि कालकूटाची ती भुकटी गार वाऱ्यासह थेट पलंगावर येते, आणि मी छातीवरची गुंडी सोडून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घेत म्हणतो, “वा! आता कुठे जिवात जीव आला.” पारव्यांना घालवण्यासाठी घुबड टांगणारा आणि त्यांचे घरटे पंख्याने उधळून हुंगणारा इसम एकच, हे पाहून पारव्यांना मनुष्यजातीविषयी काय वाटत असेल?

पारव्यांनी आमच्यावर कधीही चढाई केलेली नाही. ते बसतात, घुमतात, दाणे टिपतात आणि शीट टाकून निघून जातात. पडलेली शीट जागच्या जागी वाळत राहते. उडवतो आम्ही. मग ती माडीवरची असो, वाटणीपत्रातली असो की दादरच्या चौकातली असो, बसलेली धूळ उडवल्यावाचून माणसाला चैन पडत नाही, आणि ती उडवण्याआधी तांब्याभर पाणी शिंपडण्याइतका धीर त्याच्याजवळ नाही, कारण दुपारी पाहुणे यावयाचे असतात.

तेव्हा वाचकहो, एवढे करावे. पारव्यांनी बळकावलेली खोली कोरडी झाडू नये. दारे-खिडक्या उघडून, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-95 मास्क बांधून, शीट पाण्याने चांगली भिजवावी, ओलीच खरडून पिशवीत बांधावी आणि मगच फरशी पुसावी. दमेकरी, म्हातारी माणसे, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे ह्यांना त्या वेळी दूर धाडावे. घुबडाचे पैसे वाचवून त्या पैशांत खिडकीला जाळी बसवावी. कूलर सुरू करण्यापूर्वी त्याची टाकी घासून ताट्या नव्या घालाव्यात. पाखरांना दाणा घालावयाचाच असेल तर तो आपल्या गच्चीवर घालावा, म्हणजे दयेचे प्रमाण आपोआप बेताचे राहते. आणि इतके करूनही कोरडा खोकला आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांपुढे केवळ आपले वय आणि वजन सांगून थांबू नये. घरात कोण कोण असते असे त्यांनी विचारले, किंवा न विचारले तरी, पत्नी, मुले आणि वृद्ध मातापिता ह्यांच्या पाठोपाठ पारव्यांचे व कूलरचे नावही अवश्य घ्यावे.